वेणूची साक्ष

कृष्णाबाईला न्यायला दवाखान्याची गाडी आली, तीही एसीची, आणि वेणूच्या पोटात दुखायला लागलं. खरं सांगायचं तर ते पोट गेली चाळीस वर्षं दुखतच होतं. दोघी सख्ख्या जावा. पनवेलजवळच्या विचुंबे गावात समोरासमोर राहायच्या. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याचा भूखंड कृष्णाबाईला नाक्यावर मिळाला आणि वेणूला त्याच्यासमोर नाल्याकाठी, त्यामुळे आता एकीचा दुमजली बंगला होता आणि दुसरीचं बैठं घर. वेणू सकाळी दार उघडायची तर पहिलं दर्शन त्या बंगल्याच्या ग्रिलचं. काशिराम, म्हणजे कृष्णाबाईचा नवरा, वारला तेव्हा अर्धं पनवेल लोटलं होतं. वेणूला त्या गर्दीचासुद्धा हेवा वाटला होता, आणि त्याची लाज तिला अजून वाटते.

आता हे नवीन. गेल्या महिन्यात गावच्या देवळात साखर तपासायचं शिबिर झालं. दोघींनी एकाच बाकावर बसून रक्त दिलं. पंधरा दिवसांनी पनवेलच्या दवाखान्यातून फोन आला तो कृष्णाबाईला. तिची तीन महिन्यांची साखर नऊच्या वर निघाली होती. साखरेवरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता, त्यात तिला घ्यायचं म्हणत होते. वेणूची निघाली साडेसहा. तिला कोणी विचारलं नाही.

"साखरेत पन बाईचा नंबर वर!" वेणू नवऱ्याला म्हणाली. भगवान टीव्ही बघत होता, तो हसला, त्यामुळे ती आणखीच चिडली. दोन दिवस तिने पोटभर जिलेब्या खाल्ल्या आणि स्वतः रिक्षा करून दवाखान्यात गेली. "माजी परत तपासा," म्हणाली. काउंटरवरची नर्स चांगली होती. तिने समजावलं की ही तपासणी तीन महिन्यांची असते, दोन दिवसांच्या जिलेबीने ती फारशी हलत नाही. वेणू घरी आली आणि रात्रीची जेवली नाही.

मग एका संध्याकाळी कृष्णाबाई स्वतः दारात आली. असं वर्षा-दोन वर्षांत एकदा व्हायचं.

"वेणू, उद्या माज्यासंगं येतेस? मला वाचता येत नाय ना, तर त्यांना साक्षीदार लागतो. दवाखान्याच्या बाहेरचा, लिवता-वाचता येनारा. आमच्या नातीला, अंकिताला, हापिसातून सुट्टी नाय. तू सातवी हायस."

सातवी पास. जावेच्या वरचढ असं वेणूजवळ एवढंच होतं, आणि ते जावेने आपल्या तोंडाने कबूल केलं. शिवाय त्या दवाखान्यात कृष्णाबाईचे काय काय लाड होतात ते डोळ्यांनी बघायचंच होतं. वेणू हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाई नातवाच्या हळदीतली मोरपंखी साडी नेसून, गळ्यात सोनं घालून गाडीत बसली. "शूटिंग करनार हायत," तिने कारण सांगितलं. वेणूला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ती घरातल्याच साडीवर आली होती.

गाडी पुलाखालच्या गर्दीत अडकली तेव्हा कृष्णाबाई हळूच म्हणाली, "पैल्यांदा मी घाबरलेली गो. मंग ते बोलले संमतीपत्र हाय. मंग मी बोलले, ते आपल्याला म्हाईत हाय. जमिनीला दिलं तसंच. संमती देऊन टाकायची, आडून बसायचं नाय. आडून बसलेल्यांचं काय भलं झालं? आनि नाय बोललं तर माजी तिथली बीपीची गोळी पन बंद करतील."

वेणूने ऐकलं. तिच्या मनात एवढंच आलं, की हिला हेही नाक्यावरचं मिळणार.

खोलीत टेबल, तीन खुर्च्या आणि संमती चित्रित करायला उभ्या स्टँडवर कॅमेरा. डॉक्टर रेवा म्हणून तरुण बाई होत्या, बोलायला गोड पण घड्याळाकडे डोळा असलेल्या. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि त्यांनी चौदा पानं वाचायला घेतली. कृष्णाबाई कॅमेऱ्याकडे तोंड करून मान डोलवत होती. तिला काही ऐकू जात होतं असं वेणूला वाटलं नाही. वेणू मात्र जीवाचा कान करून ऐकत होती, कारण जावेला नेमकं काय मिळतंय हे तिला कळायलाच हवं होतं.

तिला कळलं ते असं. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कुठली, ते डॉक्टरलाही माहीत नसणार. उलट्या होऊ शकतात, साखर एकदम उतरू शकते. दर पंधरवड्याला रक्त. यात यायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्या मर्जीवर, मधूनच सोडलंत तरी चालेल, आणि नाही म्हणालात तरी तुमचे आत्ताचे उपचार चालूच राहतील.

औषध नसलेली गोळी! वेणूला एकदम गार वाटलं. देवा, हिच्या वाट्याला तीच येऊ दे, असं तिने मनात म्हणूनसुद्धा टाकलं.

"समजलं ना, मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"समजलं की. संमती ना? आमी पैल्यापासून संमतीवालेच."

डॉक्टर हसल्या. त्यांना ते छान वाटलं. त्यांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि साक्षीदाराचं पान वेणूसमोर ठेवलं. वेणू एकेक अक्षर लावत वाचू लागली. 'सदर व्यक्तीस सर्व माहिती माझ्यासमोर देण्यात आली व ती तिला समजली आहे.' खाली वेणूच्या सहीची रेघ.

समजली आहे. वेणूचं पेन तिथेच अडलं. जावेला काय समजलंय ते तिला गाडीतच कळलं होतं, आणि ते या चौदा पानांत कुठेच नव्हतं. पण बोलायचं कसं? बोललं तर गाडी जाणार, शूटिंग जाणार, बंगलेवालीचे सगळे लाड बंद. गेला महिनाभर वेणूला तेच तर हवं होतं. आपण खरं बोलणार होतो की दावा साधणार होतो, हे तिचं तिलाच सांगता येईना. कृष्णाबाईने अंगठा शाईत बुडवला.

"थांबा," वेणू म्हणाली. "हिला समजलं नाय."

कृष्णाबाई गर्रकन वळली. "वाटलंच मला! माजं चांगलं तुला कदी बघवलंय?"

"नाय बघवत," वेणू म्हणाली. कॅमेरा चालूच होता. "तुजा बंगला बघवत नाय, तुजी गाडी बघवत नाय. पन तुला समजलं बी नाय. दोनी खरं हाय." आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "हिला जमिनीचं संमतीपत्र वाटतंय. इचारा, नाय बोलली तर काय होईल?"

डॉक्टरांनी विचारलं. कृष्णाबाई बुचकळ्यात पडली. "नाय कसं बोलायचं? संमती हाय ना? जमिनीच्या येळी आमच्या ह्यांनी सांगितलं अंगठा ठेव, मी ठेवला. नाय बोलायचं काय त्यात व्हतंच नाय."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद बाजूला सारले, खुर्ची जवळ ओढली आणि सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी न वाचता. अर्धा तास गेला. कृष्णाबाई कॅमेरा विसरली.

"म्हंजे मी नाय बोलले, तरी बीपीची गोळी चालू?"

"चालू."

"तुमी रागावनार नाय?"

"नाही."

"मंग नाय," कृष्णाबाई म्हणाली.

"ठीक आहे. कारण सांगावंसं वाटलं तर सांगा."

"सांगायलाच लागतं का?"

"अजिबात नाही."

"मंग नाय!" कृष्णाबाई म्हणाली, आणि शाईचा अंगठा हवेत धरून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चाळीस वर्षांत वेणूने तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

वेणूला आता बरं वाटायला हवं होतं. गाडी गेली, शूटिंग गेलं, सगळं मनासारखं झालं. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बापाने लग्न ठरवलं, भगवानने वाटणी ठरवली, पोरांनी घर कधी बांधायचं ते ठरवलं, आणि दर वेळी वेणू मान हलवून मोकळी. ह्या बाईला मात्र आज खुर्ची जवळ ओढून अर्धा तास विचारलं, आणि तिने ठणकावून नाय म्हटलं. तेही हिलाच मिळालं.

डॉक्टर कॅमेरा बंद करायला उठल्या.

"म्याडम," वेणू म्हणाली, "मला पन कायतरी इचारा ना."

"काय विचारू, मावशी?"

"कायपन," वेणू म्हणाली. "नुसतं इचारून बघा."