मागच्या पायातली काडी

"घोडा जन्मभर एका बोटाच्या टोकावर उभा असतो," सांगाडे जोडायला आलेली नवी बाई पाहुण्यांना सांगत होती आणि दाराशी उभ्या हाडेकाकांच्या पोटात दुखत होतं. ते वाक्य त्यांचं होतं. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात सव्वीस वर्षं सांगाडे जोडता जोडता त्यांनी ते प्रत्येक तुकडीला ऐकवलं होतं. आता नवा घोडा बाईने जोडला, कौतुक बाईचं, आणि काकांनी जोडलेला पहिलावहिला घोडा कोपऱ्यात ढकललेला.

बाई रंगात आली होती. हा प्राणी कधी काळी कुत्र्याएवढा होता, मागच्या पायाला तीन बोटं होती. पिढ्यान्‌पिढ्या पळता पळता मधलं तेवढं वाढलं, बाजूच्या दोन्हींच्या नुसत्या काड्या उरल्या.

त्या काड्यांवरच काकांचा डोळा होता. बाहेरच्या काडीचं डोकं जाड असतं. बाईने ती आतल्या बाजूला लावली होती. काकांना हे आठ दिवसांपूर्वीच दिसलं होतं, पण त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. होऊ दे चारचौघांत फजिती, म्हणून थांबले होते.

"मागच्या पायातल्या काड्या उलट्या लागल्यात," ते आता मोठ्याने म्हणाले.

सगळे वाकून पाहू लागले. बाईचा चेहरा उतरला. चूक माझीच, आजच दुरुस्त करते, एवढंच ती म्हणाली. पाहुण्यांनी काकांची पाठ थोपटली. काकांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

पाहुणे गेल्यावर बाई पेचकस घेऊन खाली बसली. काकांना राहवेना. पुस्तक उघडून बघायचं तरी, असं त्यांनी मुद्दाम सुनावलं.

"बघितलं होतं, काका. पण तुमच्या घोड्यात उलटं दिसलं. म्हटलं, चित्र चुकलं असेल. तुम्ही कसे चुकाल?"

"मग मघाशी का नाही बोललात?"

"सगळ्यांदेखत कशाला?"

काका कोपऱ्यात गेले. जमिनीवर बसून त्यांनी आपल्या घोड्याचे मागचे पाय पाहिले. जाड काडी आत होती, दोन्ही पायांत. सव्वीस तुकड्यांनी हेच पाय बघून वहीत चित्रं काढली होती आणि काकांनी ती कौतुकाने पाहिली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिशातून पेचकस काढून त्यांनी स्क्रूला लावला. तो दोनदा घसरला.

"मॅडम," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता. "एकट्याने होत नाहीये. जरा पाय धरता का?"

ती उठून आली आणि तिने पाय धरला.