मावशीचा लव्हाळा

पाणथळीला कुंपण घातलं त्याला आता बावीस वर्षं झाली. राखणदाराला तेव्हाच तिथं नोकरी लागली आणि पठ्ठ्यानं पहिल्याच दिवशी अडवलं कोणाला, तर सख्ख्या मावशीला. ती चटया विणायची. दर वर्षी विळा घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायची आणि वीतभर बुडखा पाण्यावर राखून लव्हाळा कापायची. त्या दिवशी यानं फाटकावरची पाटी तिला मोठ्यानं वाचून दाखवली. मावशी "बरं" म्हणाली आणि आल्या पावली परत गेली.

तेव्हापासून त्यानं एका काडीलाही कोणाला हात लावू दिला नव्हता. हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. बायकोचे तर ऐकून ऐकून कान किटले होते.

आणि परवा वनस्पतींची मोजणी करणाऱ्या बाई आल्या. गमबूट घालून त्यांनी दिवसभर चिखल तुडवला आणि शेवटी वही मिटत म्हणाल्या, "लव्हाळा संपत आलाय हो. जिकडे तिकडे पाणकणीस माजलंय. पूर्वी इथं कोणी कापणी करायचं का?"

"करायची एक बाई. मी बंद केली."

"तिथंच घोटाळा झाला. कापलं की जुनं वाळकं निघून जातं, खाली ऊन पोचतं, नवे कोंब येतात. काठाला एक पुंजका उरलाय. यंदा मोकळा केला नाही, तर पुढच्या वर्षी तोही दिसायचा नाही. परवानगीचं मी बघते. तुम्ही कापता येणारं माणूस शोधा."

राखणदाराचं तोंड एवढंसं झालं. सायकल हातात धरून तो निघाला, तेव्हा त्याला लहानपणची पाणथळ आठवत राहिली. वाऱ्यानं एका अंगाला कलणारा लव्हाळा, त्यात लपणाऱ्या पाणकोंबड्या, बोटांत काडी फिरवून तिच्या तीन धारा मोजायला लावणारी मावशी. आई कामावर गेली की तो दिवसभर मावशीच्याच मागे मागे असायचा. ते दिवस त्याला फार हवेसे वाटले. घराचं वळण सोडून तो तिच्या खोलीवर गेला.

मावशी खिडकीपाशी बसली होती. बोटं वाकडी झाली होती, जीभ मात्र होती तशीच.

"आज वाट चुकलास का रे?"

त्यानं सगळं सांगितलं.

"किती उरलाय?" तिनं विचारलं.

त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले. मग थोडे जवळ आणले.

"उद्या काठावर खुर्ची टाक माझी. मी सांगेन, तू काप."

तो खाली बसला. "मावशी, कापलं नाही तर तो मरतो, हे तुला तेव्हाही ठाऊक होतं?"

"न ठाऊक असायला काय झालं?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"दोन वर्षं घरी बसून होतास, तेव्हा कुठं ती नोकरी लागली होती," मावशी म्हणाली. "पहिल्याच दिवशी फाटकात भांडले असते, तर ठेवलं असतं का तुला त्यांनी?"