गरजूंच्या हातातली थाळी

मी पितळेची थाळी आहे. जबलपूरच्या एका मराठी मंडळाच्या सभागृहात, भिंतीवर, काचेच्या पेटीत टांगलेली. माझ्याखाली एक पाटी आहे आणि त्या पाटीवर खोटं लिहिलं आहे. पाटी वाचून लोक पुढे जातात. तुम्ही जरा थांबा. खरं काय ते मला सांगू द्या.

माझा जन्म मोठ्या लढाईच्या काळातला. इथल्या कारखान्यात तेव्हा काडतुसांसाठी पितळेचे पत्रे यायचे आणि उरलेल्या तुकड्यांचा लिलाव व्हायचा. त्या लिलावात मुरलीधर आंबुलकर नावाच्या फिटरने एक पत्रा घेतला आणि सराफ्यामागच्या गल्लीत भांडी ठोकणाऱ्या कारागिराकडून माझा घाट घडवून घेतला. माझे भाऊबंद काडतुसं होऊन आफ्रिकेत नि ब्रह्मदेशात गेले. मी मंडळाच्या गणपतीपुढे आले. आपण बरं नशीब घेऊन आलो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मुरलीधर तोंडाचा फटकळ, सदा तंबाखू चघळणारा. त्याच्या खात्यातला एक सोबती तापाने गेला आणि मागे तीन लेकरं राहिली. त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर मुरलीधरने मला हातात घेतलं आणि माझ्यावर एक लाल फडकं पसरलं. "ज्याले द्याचं त्यानं फडक्याखाली हात घालावा," तो म्हणाला. "ज्याले द्याचं नाही त्यानंही घालावा. कोणी काही पाहून नाही राहिलं." कोणी नोट ठेवली, कोणी आणा, कोणी नुसताच हात घालून काढला. मला सगळं कळत होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही.

देण्याची रीतही त्याचीच. रविवारी तो सायकलने पनागरच्या बाजाराला जायचा आणि मटराच्या शेंगांनी पिशवी भरायचा. पैसे रुमालात बांधून तळाशी. मग त्या विधवेच्या दारात उभा राहून ओरडायचा, "वहिनी, मटर सस्ता होता, जास्तच घेतला गेला. ठेवून घ्या, नाही तर सडून जाईन." शेजारणींना मटर दिसायचा. रुमाल फक्त तिला सापडायचा. या रीतीने किती घरांत किती पोरं शिकली, ते कुणालाच माहीत नाही. माहीत नसणं, हीच त्या कामाची शोभा होती.

पण न दिसणारं काम माणसांना फार दिवस सहन होत नाही.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मंडळाची रीतसर संस्था झाली. विद्यार्थी साहाय्य निधी, संस्था अनुदान निधी, अध्यक्ष, सचिव, सगळं आलं. अध्यक्ष झाले बापूसाहेब पाटणकर, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. माणूस हाताचा स्वच्छ. एका पैचा घोळ त्यांनी कधी केला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. पहिल्याच सभेत त्यांनी माझ्यावरचं लाल फडकं उचललं.

"मुरलीधरराव, संस्था झाली आता. सगळं उघड्यावर पाहिजे."

"हिशेब ठेवा ना उघड्यावर," मुरलीधर म्हणाला. "माणूस काहून ठेवता?"

लोक हसले. पुढल्याच वर्षी तो निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडे गेला. ते फडकं कुणीतरी हार्मोनियम पुसायला घेतलं.

त्यानंतर निधी वाढला, हे कबूल करायला हवं. लोकांचा पैसा दिसू लागला तसा तो जास्त पडू लागला. मंडळ बायकांच्या शिवणवर्गाला मदत करू लागलं, कामगारांच्या रात्रशाळेला, एका छोट्या दवाखान्याला. पण मदत मागायला आलेल्या माणसाला सचिव भय्यासाहेब पहिला प्रश्न कोणता विचारायचे? "आमची पाटी कुठं लावाल?" दवाखान्यात मंडळाच्या नावाची पाटी औषधांच्या कपाटाहून लांब झाली. शिवणवर्गाला एक मशीन मिळालं, तर त्याच्या पेटीवर देणगीदाराचं नाव एवढ्या ठळक अक्षरांत रंगवलं, की झाकण उघडताना बायका नजर चुकवायच्या.

आणि याच काळात ती चाल पडली.

वाईट हेतूने पडली नाही, म्हणून तर ती मोडता आली नाही. निधीतून शिष्यवृत्ती मिळालेला पहिला मुलगा मोहन. मोठा हौशी. आरती झाली तसा पुढे आला आणि मला उचलून म्हणाला, "बापूसाहेब, आज थाळी मीच फिरवतो. मले बरं वाटन." लोकांना गहिवरून आलं. टाळ्या झाल्या, त्या वर्षी भरपूर जमलं. मोहन इंजिनियर होऊन भिलाईला गेला. मागे नियम राहिला, की ज्याला शिष्यवृत्ती, त्याने थाळी फिरवायची. पुढे भय्यासाहेबांनी त्याला जोड दिली. मूल थाळी घेऊन रांगांतून फिरत असताना ते माईकवर त्याच्या घरची हकिगत सांगायचे. बाप काय करतो, आई काय करते, घरात कुणाला कोणता आजार आहे. आणि कुणी हळूच नाणं ठेवलं, की माईकवरून त्यांची ठरलेली थट्टा व्हायची, "आवाज नाही आला!" सगळं सभागृह हसायचं. ज्याला म्हटलं तोही हसायचा आणि दुसरं नाणं टाकायचा.

त्या पोरांचे तळवे मला आठवतात. घामाने ओले. माझ्या कडेवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटायचे आणि दुसऱ्या दिवशी मंडळाची झाडलोट करणारी बेबीताई चिंचेने घासून ते काढून टाकायची.

चीनची लढाई झाली तेव्हा मला जवानांसाठी फिरवलं. त्या दिवशी बायकांनी सोनं दिलं. मागच्या रांगेत अनसूयाबाई देवगावकर बसल्या होत्या. नवरा नीलकंठ कारखान्यात कामगार. त्यांनी हातातली एकुलती एक सोन्याची बांगडी साबण न लावता ओढून काढली, कातडी सोलली, आणि माझ्यात टाकली. तिचा आवाज मोठा आला. भय्यासाहेब माईकवर म्हणाले, "वा, अनसूयाबाई!"

मग पाकिस्तानची लढाई लागली. कारखान्यात दुप्पट काम, आणि संध्याकाळी शहरभर अंधारबंदी. ओव्हरटाइम करून नीलकंठ बिनदिव्याच्या सायकलने घरी निघाला आणि वळणावर ट्रकखाली आला. कारखान्याच्या फाटकाबाहेर मेला, म्हणून भरपाईसाठी तो ना कारखान्याचा धरला गेला, ना लढाईचा. अनसूयाबाई लोकांचे कपडे शिवू लागल्या. त्यांची थोरली मुलगी विभावरी पुढच्या उन्हाळ्यात चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिला मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. पहिली फी नीलकंठची मोडकी सायकल आणि घरातली तांब्याची भांडी विकून भरली. पुढचं सगळं आमच्या निधीवर होतं. निधीने शिष्यवृत्ती मंजूरही केली, पाकीट तयार होतं. फक्त थाळी फिरवायची राहिली होती.

विभावरी आईची बरी साडी नेसून आली. आरती झाली, तिने मला उचललं, आणि भय्यासाहेब सुरू झाले. "या मुलीचे वडील ब्लॅकआउटमध्ये गेले. आई चार घरचे कपडे शिवते. घरात अजून दोन लहान भावंडं…"

पुढच्या रांगेत बापूसाहेबांच्या पत्नी प्रमोदिनीबाई होत्या. मनाच्या प्रेमळ. तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "किती गोड पोरगी गं! डॉक्टर झालीस की माझं ब्लडप्रेशर फुकट पाहशील हं." आजूबाजूच्या बायका हसल्या. विभावरीही हसली.

"जरा इकडे पाहा, दीदी," फोटोवाला म्हणाला. "थाळी थोडी वर. हां."

एकेक रांग सरत गेली. तिचे अंगठे माझ्या कडेवर असे रुतले होते, की पितळ नसते तर मी वाकले असते. शेवटची रांग आली. तिथे तिची आई बसली होती.

रीत अशी, की थाळी समोर आली म्हणजे प्रत्येकाने काही टाकायचं. लेकीच्या शिष्यवृत्तीच्या थाळीत आईनेही. अनसूयाबाईंनी पदराची गाठ चाचपली. गाठीत काही नव्हतं. मग त्यांनी रिकामी मूठ माझ्यावर आणली, उघडली, आणि हात मागे घेतला. मुरलीधरच्या फडक्याखाली असेच कितीतरी हात मी सांभाळले होते. त्या दिवशी माझ्यावर फडकं नव्हतं.

भय्यासाहेबांच्या जिभेला सवय होती. ते माईकवर म्हणाले, "अनसूयाबाई, आवाज नाही आला!"

सभागृह हसलं. द्वेषाने नाही, सवयीने. म्हणूनच मी त्याला क्षमा करू शकत नाही. द्वेष एखाद्या दिवशी थकतो, सवय थकत नाही.

विभावरी जागच्या जागी थांबली. मग मला घेऊन मधल्या वाटेने सरळ पुढे चालत गेली, गणपतीसमोर मला ठेवलं, वळली, आईचा हात धरला आणि बाहेर पडली. पाकीट टेबलावरच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मंडळात एकच शब्द. उद्धट. "आम्ही द्यायचं अन् वरून नखरे पाहायचे?" शिष्यवृत्ती रोखली नाही हो कुणी. फक्त 'राखून ठेवली'.

त्याच आठवड्यात अनसूयाबाई ऑफिसात आल्या. मी कपाटावर होते. लेकीला न सांगता आल्या असाव्यात, दाराकडे सारख्या पाहत होत्या.

"बापूसाहेब, पोरगी चुकली. बापाविना झाली ना, डोकं फिरते कधी कधी. मी माफी मागून राहिली तिच्यातर्फे."

"अहो, माफी कसली," बापूसाहेब मनापासून म्हणाले. "बसा तुम्ही. अरे, पाणी आणा यांना कुणी. हे पाहा, आमच्या मनात काही नाही. विसर्जनाआधी आणखी एक आरती आहे. तिनं फक्त पुन्हा एकदा थाळी फिरवावी. लोकांचा मान राहतो. बस."

"मी फिरवली तर नाही चालणार?"

"शिष्यवृत्ती तिची आहे ना, बाई."

अनसूयाबाईंनी पाणी घेतलं नाही. उठताना त्यांनी वर माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांची बांगडी गेली होती ती याच थाळीतून. ते मला आठवलं, त्यांनाही आठवलं असावं. बापूसाहेबांना आठवलं नाही.

विभावरी त्या आरतीला आली नाही. पुढचं मला बेबीताईने दुसऱ्या एका बाईला सांगितलं तेव्हा कळलं, मला घासता घासता. "मेडिकल सोडलं तिनं. बापाच्या जागी कारखान्यात लागली. तोफगोळ्यात दारू भराच्या खात्यात. त्या दारूनं हात पिवळे पडले म्हणते पोरीचे." आणि माझी कड घासत, "अभिमान पाहिजे, पण एवढा काहून?"

पुढच्या वर्षी निधीकडे दोनच अर्ज आले. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. गरीब घरं होती, शिकणारी पोरं होती. त्यांच्या आयांनी ती आरती पाहिली होती. कुणी शिकवण्या केल्या, कुणी रिछाईच्या नव्या कारखान्यांत हेल्पर म्हणून लागलं, कुणाचं शिक्षणच सुटलं. मंडळाने यातून काय अर्थ काढला? "आपल्या समाजात आता गरजू उरलेच नाहीत." शिकल्यासवरल्या, पेपर वाचणाऱ्या माणसांनी हा अर्थ काढला, आणि त्या आनंदात गणपतीला चांदीचं छत्र केलं.

मग एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई. पुन्हा अंधारबंदी, खिडक्यांना काळे कागद. दुपारी खास सभा भरली. मला जवानांसाठी फिरवायला काढलं. विभावरी आली होती, कारखान्याच्या पाळीवरून सरळ. मी तिच्यासमोर आले तेव्हा तिने पिवळ्या पडलेल्या बोटांनी माझ्यात एक नोट ठेवली. नोटेचा काय आवाज येणार?

"आवाज नाही आला!" भय्यासाहेब म्हणाले. आता म्हातारे झाले होते, थट्टा तीच होती. लोक हसले.

तेवढ्यात बापूसाहेब बोलायला उठले. विद्यार्थी निधीला तीन-चार वर्षांत अर्ज नाही, ही समाजाच्या भरभराटीची खूण आहे, म्हणून तो निधी बंद करून सगळी रक्कम जवानांसाठी द्यावी, असा ठराव त्यांनी मांडला.

विभावरी उभी राहिली. "भय्यासाहेब, आवाज आत्ता येतो. बापूसाहेब, गरजू संपले नाहीत. थाळी पाहून घरी बसले. माझा भाऊ यंदा अकरावीत आहे. त्यानं अर्ज लिहिला अन् फाडला. जवानांसाठी वेगळी थाळी फिरवा ना, मीही देते, दिलं आत्ता. पण हा निधी राहू द्या. फक्त ही फिरवणं बंद करा."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. मी खरंच तशी आशा केली.

"बेटा," बापूसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तिकडं सीमेवर पोरं मरून राहिली, अन् आज तू हा विषय काढतेस?"

ती ज्या हातांनी त्या पोरांसाठी गोळे भरत होती ते तिने पदराखाली घेतले आणि खाली बसली. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. फोटो निघाला.

निधीच गेला, तेव्हा थाळीचं काय काम? मला काचेत बसवलं आणि खाली पाटी लावली: 'या थाळीने समाजातील शेवटच्या गरजूपर्यंत मदत पोहोचवली.' गावाहून पाहुणे आले की त्यांना मी दाखवली जाते. रिकामी थाळी अभिमानाने दाखवणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

वाचकहो, मला वितळवा, असं मी म्हणत नाही. वितळवलं तर या दिवसांत माझं काडतूसच व्हायचं. माझं मागणं लहान आहे. कुणीतरी ही काच उघडा आणि माझ्यावर एक लाल फडकं टाका. मग मला एखाद्या आईसमोर धरा, आणि तिचा हात रिकामा आहे की भरलेला ते पाहू नका. मटराचे दिवस सुरू आहेत, पनागर काही दूर नाही.

पण मला ठाऊक आहे काय होईल ते. फडकं इथे रोज येतं, सकाळी, बेबीताईच्या हातात. ती काच पुसते, लख्ख करते, आणि जाते.