एव्हन नदीवरचा सांधलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. माझ्या मधोमध एक जाड सांधा आहे. त्याची गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते.

समुद्रकाठच्या एका कारखान्यात तीन पीळ वळून मला घडवले. पुढे लायोनेल आणि एनिड या नवराबायकोने मला आपल्या ‘लिनेट’ नावाच्या छोट्या नावेसाठी विकत घेतले. वीस उन्हाळे आम्ही एव्हन नदीवर फिरलो. लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद, आले की लायोनेल काठावर उतरून दरवाजे नि झडपा सांभाळी. नावेत बसलेली एनिड मला काठावरच्या खुंट्याभोवती एक वेढा देई आणि माझे टोक हातात धरी. लॉकमधले पाणी उतरू लागले की ती मला हळूहळू सैल सोडी. “हा दोर कधी दगा देत नाही,” असे ती म्हणे आणि मी मनोमन फुलत असे.

त्या दिवशी तिसऱ्या लॉकमध्ये लायोनेल वरून ओरडला, “एनिड, चहाचं काय झालं? घसा कोरडा पडला!”

“हातात दोर आहे ना! तिसरा हात कुठून आणू?”

“बांधून टाक गं. नाव काय पळून जाणार आहे?”

तिने मला नावेच्या कड्याला बांधले. लायोनेलने झडपा उघडल्या. पाणी उतरले, नाव मात्र एका बाजूने माझ्यावर लटकली. किटली घरंगळली. गाठ सुटेना. मी सुटायला हवे होते; पण घट्ट धरणे एवढेच मला येत होते, आणि त्याचाच मला गर्व होता. अखेर एनिडने पावाच्या सुरीने मला कापले. नाव धाडकन पाण्यावर आदळली आणि एनिडचे मनगट मोडले.

लॉकजवळच्या पुलावर माणसे जमली. त्यांच्यादेखत लायोनेल म्हणाला, “किती वेळा सांगितलं, लॉकमध्ये गाठ मारायची नसते!”

एनिड काहीच बोलली नाही. खरे काय ते मला ठाऊक होते. पण दोराला तोंड कुठे असते?

त्यानंतर एनिडने नावेत पाऊल ठेवले नाही. लायोनेल एकटा नावेपर्यंत जाई आणि तसाच परत येई. माझे दोन तुकडे पडवीत धूळ खात पडले. पुढच्या वसंतात त्याने ते मांडीवर घेतले आणि पिळात पीळ गुंफू लागला. एनिड दारात वाटाणे सोलत होती.

मान वर न करता तो म्हणाला, “बांध असं मीच म्हणालो होतो.”

“माहीत आहे.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तू कधी बोलतोस ते पाहत होते. सबंध हिवाळा लावलास, बाबा!”

लायोनेलचे हात थांबले. तशी ती म्हणाली, “सांधा नीट आवळ. रविवारी टोक माझ्याच हातात असणार आहे.”

मित्रांनो, दोराला कोरडे ठेवा, ओलीत कुजवू नका. आणि पाणी उतरू लागले की वेळीच सैल सोडा. मला ते जमले नाही. तुम्हाला तर हातही आहेत आणि तोंडही.