भिंतीपलीकडचा डाव

"आई, न विचारता खोलीत यायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

जेवणाचं ताट हातात धरून विजयालक्ष्मी दारातच उभी राहिली. दुपार कलायला आली होती, तरी सुधन्वाच्या खोलीतले पडदे ओढलेलेच होते. कॉम्प्युटरवर पत्त्यांचं हिरवं टेबल उघडं होतं.

"मानेसरच्या कंपनीतून परत फोन आला होता," ती म्हणाली. "सोमवारी रुजू झाला नाहीस तर दुसऱ्या कुणाला तरी घेतील."

"घेऊ दे."

"आणि संपदा? ती किती दिवस पानिपतला राहणार?"

"तिचं माहेर आहे, राहू दे. यार आई, मी इथे डोकं लावून खेळतोय. तुला यातलं काय कळतं?"

"कळतं. मी पण खेळते."

त्यानं खुर्ची वळवली. कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मग तो हसला. तिनं ताट टेबलावर ठेवलं.

"तू? पोकर?"

"तू खेळतोस तेच. दोघांचंच. मला हरवलंस तर मी मानेसरचं नाव पुन्हा काढणार नाही. हरलास तर सोमवारी कंपनीच्या बसमध्ये बसायचं."

"अच्छा! चलो, उद्याच खेळू," सुधन्वा म्हणाला. "दहा मिनिटांत संपवतो तुला. नंतर रडायचं नाही."

विजयालक्ष्मी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाली होती. नवरा, श्यामकांत, चार वर्षांपूर्वी गेला. राजधानीच्या द्वारका उपनगरातला हा फ्लॅट त्यानंच घेतला होता आणि मुलानं मेकॅनिकल इंजिनियर व्हायचं हेही त्यानंच ठरवलं होतं. सुधन्वानं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातली नोकरी वर्षापूर्वी सोडली आणि दार लावून घेतलं. त्याच्या बायकोनं, संपदानं, काही महिने वाट पाहिली, भांडली, रडली आणि एक दिवस बॅग भरून माहेरी गेली. जाताना तिचा जुना लॅपटॉप इथेच राहिला.

आपल्या मुलाला गिळणारं हे आहे तरी काय, ते पाहावं म्हणून विजयालक्ष्मीनं तो उघडला. पोकरच्या साइटवर खोट्या पैशांनीही खेळता येत होतं. दोन पत्ते आपल्या हातात, पाच मधे उघडे, आणि समोर एकच माणूस. सुधन्वा कसा खेळतो ते तिनं मागे उभं राहून पूर्वी पाहिलं होतं. हातात काहीही असो, तो पैसे वाढवत जायचा. समोरचा घाबरून पत्ते टाकायचा, म्हणजे डाव सोडून द्यायचा. मग तो त्याला टाइप करून शिव्या द्यायचा.

तिनं मुद्दाम तसलेच खेळाडू शोधले. सुरुवातीला ती चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसायची, आणि तोवर समोरचा थोडंथोडं करून तिचं सगळं ओढून न्यायचा. मग तिला राग यायला लागला. हातात काही नसताना तीही वाढवायला लागली. पण असली माणसं एकदा पेटली की मागे हटत नाहीत. त्यात तर ती आणखी लवकर हरायची. समोरून लिहून यायचं, "अबे, खेलना सीख के आ." ती कुणाची आई आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हळूहळू तिच्या लक्षात आलं की जो प्रत्येक डावात वाढवतो, त्याच्या हातात बहुतेक डावांत काहीच नसतं. त्याला हरवायला एक्क्यांची जोडी लागत नाही. बरासा पत्ता लागतो, आणि तो हातातून न सोडण्याचा धीर. आपण वाढवायचं नाही, टाकायचंही नाही. तो लावेल तेवढंच लावायचं आणि शेवटी त्याला पत्ते दाखवायला लावायचे. एकदा असाच एक शिवराळ माणूस हरून निघून गेला, तेव्हा तिला फार बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचीच नंतर भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हॉलमध्ये बसली, तो आपल्या खोलीत. मधे एक भिंत. त्याच्या माउसचा आवाज तिला ऐकू येत होता.

दहा मिनिटांत ती संपली नाही. तासाभरानं तिचे चिप्स त्याच्यापेक्षा थोडे जास्त झाले होते, आणि भिंतीपलीकडून टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला.

"असं रडतखडत काय खेळतेस? हिंमत असेल तर वाढव ना!"

पुढच्या डावात तिच्याकडे राजा आणि सत्ती आली. मधल्या पत्त्यांत एक राजा उघडला, म्हणजे तिची जोडी झाली. सुधन्वानं वाढवलं. तिनं तेवढंच लावलं. चौथा पत्ता उघडला, बदामाचा. मधे आता तीन बदाम झाले होते; हातात आणखी दोन असले की पाच बदाम होतात, आणि ते जोडीला मारतात. त्यानं दुप्पट लावलं. तिनं तेवढंच लावलं. पाचव्या पत्त्याला त्यानं आपलं होतं नव्हतं ते सगळं मधे ढकललं.

"टाक, आई," तो ओरडला. "माझे बदाम झालेत. बिल्कुल खलास होशील."

तिचा हात माउसवर तसाच राहिला. खरंच बदाम असतील तर जवळजवळ सगळं जाईल, उरलेलंही पाठोपाठ, आणि तिनं मानेसरचं नाव पुन्हा काढायचं नाही.

"टाक म्हणतो ना!"

तिनं तेवढंच लावायच्या 'कॉल' बटणावर बोट दाबलं.

त्याच्याकडे छक्की आणि चौकी होती. बदाम नव्हते. जोडीसुद्धा नव्हती.

पलीकडे माउस थांबला. मग तो बाहेर आला, तिच्यासमोरून गेला आणि चप्पल घालून दार आपटून निघून गेला.

सोमवारी तो बसमध्ये बसला. दोन आठवडे एका घरात राहून तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मग मानेसरला खोली घेतल्याचं त्यानं फोनवरून कळवलं, आणि रविवारी गादी न्यायला आला. तिनं चहा दिला. तो त्यानं उभ्यानंच घेतला.

"संपदा येणार आहे तिथे?" तिनं विचारलं.

"बघू." थोडं थांबून तो म्हणाला, "मधे तीन बदाम होते. तुझ्याकडे नुसती राजांची जोडी. कॉल कसा काय केलास?"

"तुझ्याकडे काही नसलं की तू ओरडतोस. लहान होतास तेव्हापासून."

त्यानं कप ओट्यावर ठेवला.

"बाबापण ओरडायचे," तो म्हणाला. "मला इंजिनियर नव्हतं व्हायचं. तुला माहीत होतं. तेव्हा बाबांपुढे प्रत्येक वेळी तूच पत्ते टाकलेस."

तिनं त्याचा कप विसळून पालथा घातला.

गादी लिफ्टमध्ये मावेना. सुधन्वानं पुढचं टोक धरलं आणि तो जिन्याकडे वळला. मागचं टोक जमिनीला घासायला लागलं, तसं तिनं ते उचललं. "राहू दे," तो म्हणाला. तिनं सोडलं नाही. चौथ्या मजल्यावरून दोघं एकेक पायरी उतरू लागली, मधे गादी. वळणावर तो थांबला की तीही थांबायची, तो निघाला की निघायची. खालून कुणीतरी वर येत होतं, ते भिंतीला चिकटून उभं राहिलं आणि त्यांना वाट दिली.