पलीकडच्या तंबूतला प्लेग

शामकांत देवचके प्लेगने वारला. कचेरीत त्याची शोकसभा झाली, हेडक्लार्कांनी टोपी काढली, आणि त्याच्या खुर्चीवरची उशी दुपारच्या आत दुसऱ्याच्या खुर्चीवर गेली. पण ते राहू दे. असलं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. पुढे म्हणजे खरं तर थोडं मागे, रतनगडाच्या पायथ्याशी, जिथे शामकांत तंबूचा खुंटा ठोकत होता आणि दर दोन घावांमागे एक स्वतःच्या अंगठ्यावर घालत होता.

"शाम्या, खुंटा डावीकडे आहे," सुमंत म्हणाला. तो कमरेवर हात ठेवून देखरेख करत होता. कोणत्याही कामात देखरेखीची बाजू सुमंतकडे असायची. शाळेत दोघे एकाच बाकावर होते, आता नगरच्या कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर होते. शामकांतला दुसरा मित्र नव्हता. थंडीचा एक बरा कोट असला की माणूस दुसरा शिवत नाही, तसं त्याचं झालं होतं.

डोंगरावर तंबू ठोकून राहायची कल्पना अर्थातच सुमंतची. शेचाळीस साल होतं. लढाई संपली होती आणि भिंगारला लष्कराचा निरुपयोगी माल लिलावात निघत होता. सुमंतने दोन तंबू उचलले. "साहेबलोक उन्हाळ्यात डोंगरावर जातात," तो म्हणाला होता. "आता ते चालले विलायतेला. मग डोंगरावर कुणी जायचं? आपणच!" स्वराज्याचा इतका थंडगार अर्थ शामकांतला कुणी सांगितला नव्हता.

शामकांतच्या आईला तो पटला नाही. "तंबूत राहायला गावात प्लेग आलाय का?" तिने विचारलं. तिच्या लहानपणी प्लेगच्या साथीत सगळं नगर वेशीबाहेर झोपड्या बांधून राहिलं होतं, तेव्हापासून सभ्य माणसाने घर सोडायची कारणं तिच्या मते दोनच होती: प्लेग आणि काशी. पण आपल्यामागे मुलाला कच्चं खावं लागेल म्हणून तीही निघाली. शामकांतची बायको सुनीती आणि सात वर्षांची लीना होत्याच. सुमंतकडून तो आणि शोभावहिनी.

"तुझी फॅमिली मोठी, तू मोठा तंबू घे," सुमंतने उदारपणे सांगितलं. मोठा तंबू लष्करी दवाखान्याचा होता. पांढरा, आणि छपरावर ही एवढी तांबडी फुली.

"ही कशी दिसेल रे?" शामकांतने विचारलं.

"उलट चांगलं. आत शिरल्याबरोबर बरं वाटेल."

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार राजूरपर्यंत आली. चढ आला की उतारू उतरून ती ढकलत, आणि सुमंत बाजूने चालत "हां, आता सगळे मिळून!" म्हणत असे. राजूरहून पुढच्या वाडीचे पाटील आसाराम यांच्या बैलगाडीतून सामान आलं. संध्याकाळी वारा सुटला, खाली धरणाचं पाणी चमकलं, लीनाने करवंदांनी फ्रॉक रंगवून घेतला. सुमंतने शामकांतच्या खांद्यावर हात टाकला. "दरवर्षी यायचं, शाम्या. म्हातारे झालो तरी." शामकांत वाकून घट्ट बसलेलाच खुंटा पुन्हा तपासू लागला. त्याला वाटलं, आता बोललो तर आवाज कापेल आणि सुमंत कचेरीत सांगेल.

सकाळी वाडीतली राहीबाई दूध घेऊन आली आणि त्याच वेळी पांढऱ्या तंबूच्या दारात आईला एक उंदीर मरून पडलेला दिसला. दुसऱ्या कुठल्या बाईने शेपटी धरून तो फेकला असता. पण आई प्लेगमधून वाचलेली होती. तिच्या तोंडून जे निघालं ते तिने काढलं नाही, ते पन्नास वर्षं आतच बसलेलं होतं.

"उंदीर पडला! उंदीर पडला गं बाई!"

राहीबाईच्या हातून चरवी सुटली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा छपरावरच्या फुलीकडे, आणि साठीच्या त्या बाईने तंबूंसमोरचा ओढा ज्या उडीने ओलांडला ती लीना पुढे कित्येक वर्षं करून दाखवत असे.

थोड्या वेळाने आसाराम पाटील आठदहा माणसं घेऊन आले आणि ओढ्यापलीकडेच थांबले.

"ओ पावनं! उंदीर पडला ह्ये खरं का?"

"पडला," शामकांत प्रामाणिकपणे ओरडला. "पण एकच!"

"आदी येकच पडतोय. मंग मानूस पडतोय. त्यो फुलीवाला तंबू कुनाचा?"

"माझा. पण ती फुली लष्कराची आहे!"

"म्हंजी लष्करात बी शिरलाय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी माणसं दोन पावलं मागे सरली.

आसारामने सुमंतकडे मोहरा वळवला. "आन् तुमी वो? तुमी त्यांच्यातलंच का?"

सुमंतने शामकांतकडे पाहिलं. मग शोभावहिनींकडे. मग त्याने कोटाचं वरचं बटण लावलं.

"छे, छे! आमचा काय संबंध? आमची ओळख मोटारीत झाली."

सुमंत पांढऱ्या तंबूपासून एक पाऊल लांब सरकला.

"काल मोटारीतच मी हिला म्हटलं, हे गृहस्थ अंगाने कढत लागतायत. प्लेग असेल तर त्या तंबूत. आमचा तंबू वेगळा, आमचं पाणी वेगळं."

"नाव काय त्यांचं?"

"देवचके की देवधर... असं काहीतरी सांगत होते बुवा."

शामकांतला पहिल्यांदा कौतुकच वाटलं. शाळेतही सुमंत असाच सरळ चेहऱ्याने खोटं बोलायचा आणि शेवटी दोघांची छडी चुकायची. ही नक्की युक्ती होती. एकाने सुटायचं आणि जाऊन मदत आणायची. मित्राची युक्ती आपल्यामुळे उघडी पडू नये म्हणून शामकांत जोरात ओरडला, "होय, पाटील! मोटारीतच! खिडकीजवळ बसले होते ते!"

सुनीतीने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की प्लेग त्यापुढे काहीच नाही.

सुमंतचा तंबू बघता बघता उतरला. या खेपेला त्याने देखरेख केली नाही, खुंटेसुद्धा स्वतः उपटले. शोभावहिनी पदराआड रडत गाडीत बसल्या. गाडी हलली तेव्हा सुमंतने मागे वळून एक डोळा मिटला.

"पाहिलंस? खूण केली," शामकांत म्हणाला.

"धूळ गेली डोळ्यात," सुनीती म्हणाली. "अहो, भावजी परत यायचे नाहीत."

"तुला सुमंत माहीत नाही."

"तुम्हाला तरी कुठे? तुमची तर मोटारीतली ओळख."

आसारामने वाटेवर बोरीच्या फांद्या टाकल्या आणि देवचके कुटुंबाला जगापासून तोडून टाकलं. रोज सकाळी राहीबाई ओढ्यातल्या दगडावर दूध ठेवायची आणि लांब जाऊन ओरडायची, "न्ह्या वो! आन् चरवी उनात टाकून ठिवा! कुनाला गाठ आली का?"

"न्हाई आली!" लीना आनंदाने उत्तर द्यायची. ती चार दिवसांत तिकडची भाषा शिकली होती.

आईने सगळा कारभार हातात घेतला. कुठे चूल मांडायची, कुठलं पाणी उकळायचं, दिवसातून कितीदा काखेत हात घालून पाहायचं, सगळं तिला पाठ होतं. शामकांत मात्र एका कातळावर बसून खालच्या वाटेकडे बघत राही. सुमंत आला की रागवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. उलट आपणच म्हणायचं, "काय राव, देवधर काय!" मग दोघे हसतील. हसणं कुठून सुरू होईल तेही त्याने योजून ठेवलं.

एके दिवशी खरंच वाटेवर घोडं दिसलं. शामकांत धावत खाली आला. घोड्यावर राजूरचे डॉक्टर होते. त्यांनी सगळ्यांच्या काखा तपासल्या, जिभा पाहिल्या, आईच्या आग्रहाखातर उकरून काढलेला उंदीरही पाहिला. "याने तंबूची दोरी खाल्ली," ते म्हणाले. "वाळवी लागू नये म्हणून लष्कर ती विषारी औषधात बुडवतं. तुम्हा कुणाला काही झालेलं नाही. तुम्ही मात्र जरा वाळलात."

"सुमंतने पाठवलं ना तुम्हाला? मला ठाऊक होतं."

"कोण सुमंत? पाटलांचा माणूस आला होता. म्हातारी राहीबाई त्यांच्या दारात बसून राहिली म्हणे, डॉक्टर आनल्याबिगर उठत न्हाई म्हणून."

"पण त्या आधी कुणी गृहस्थ आले असतील तुमच्याकडे. कोट, वरचं बटण लावलेलं..."

डॉक्टर पिशवीची दोरी बांधत राहिले. "दवाखाना मोटारीच्या तळासमोरच आहे," ते म्हणाले. "आला असता तर मला दिसला असता."

शामकांतने मान डोलावली. कातळावर जाऊन बसायला आता कारण उरलं नव्हतं, तरी तो थोडा वेळ बसला.

पाटलांनी फांद्या काढल्या, पुरणाचा शिधा पाठवला आणि बजावलं, "पुढल्या साली या, पर उंदीर आनू नका." राहीबाईने लीनाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. गाडी निघाली.

सोमवारी शामकांत कचेरीत शिरला तेव्हा शिपायाच्या हातातली पाण्याची सुरई फुटली. हेडक्लार्क काकासाहेब उभे राहिले. "देवचके! अहो, तुम्ही तर..."

"रजा संपली," शामकांत म्हणाला.

मग त्याला सगळं कळलं. काकासाहेब अजून गहिवरात होते. "काय बोलले हो सुमंतराव तुमच्या शोकसभेत! सगळ्यांना रडवलं. म्हणाले, असा जिवलग पुन्हा होणे नाही. एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होतो."

"मोटारीतलं काही बोलले का?"

"मोटारीतलं? नाही बुवा."

समोरच्या टेबलावर सुमंत एक कागद फार लक्ष देऊन वाचत होता. कागद उलटा होता. मंडळी चहाला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "शाम्या, एकटा परत आलो ना, तर लोक विचारायला लागले. आजारी आहे म्हटलं. मग म्हणाले, कितपत? लोक थांबतच नाहीत रे. पण मी खरा रडलो. विचार कुणालाही."

"राजूरला डॉक्टर होता."

"मोटार सुटत होती." सुमंतने बटणाशी चाळा केला. "बायको होती बरोबर. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

शामकांतने मनापासून विचार केला. प्रश्न रास्त होता.

"मी सांगितलं असतं, दोन्ही तंबूंत प्लेग आहे."

सुमंत हसला. मग शामकांत हसत नाही हे पाहून त्याने पुढचा कागद ओढला.

शामकांत आपल्या बिनउशीच्या खुर्चीवर बसला. त्याने दौतीत टाक बुडवला आणि एवढ्या वर्षांत जे वळण हातात बसलं होतं त्याच वळणदार अक्षरात लिहायला घेतलं:

"मेहेरबान मामलेदारसाहेब, तालुके अकोले, यांचे सेवेशी विनंतीअर्ज ऐसा जे, आपले हद्दीत रतनगडाचे पायथ्याशी अर्जदारास प्लेग असल्याचे व अर्जदाराची ओळख केवळ मोटारीत झाल्याचे एका इसमाने चारचौघांत जाहीर केले. पुढे डॉक्टरी तपासणीत तसे काही आढळून आले नाही, त्यामुळे सदर इसमाचे बोलणे खोटे ठरत आहे. सदर इसम लहानपणापासून अर्जदाराचे परिचयाचा आहे. तरी अर्जदारास त्या एका सकाळपुरता प्लेग मागील तारखेपासून मंजूर करण्यात यावा, जेणेकरून सदर इसमाचे निदान निम्मे बोलणे खरे होईल. कळावे, ही विनंती."