शून्यावर सही नाही

पहिल्या वर्षाच्या दामिनीनं निकाल उघडलेला मोबाईल रागानं आकांक्षा मॅडमपुढे धरला.

"मॅडम, माह्यं उत्तर बरोबर हाय. मंग मशीननं शून्य काहून देलं?"

आकांक्षा अमरावतीच्या त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायची. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची अंतर्गत परीक्षा यंदा संगणकावर झाली होती आणि पेपरही संगणकानंच तपासले होते. तिनं स्क्रीन नीट पाहिला. इंटिग्रेशनचं उत्तर एकाहून जास्त रूपांत लिहिता येतं, फरक राहतो तो एका स्थिर संख्येचा, आणि तो चालतो. दामिनीचं उत्तर साइनच्या रूपात होतं, मशीनमध्ये भरलेलं कोसाइनच्या. दोन्ही खरी. पण मशीनला एकच ठाऊक होतं.

मग तिनं सगळ्यांचे पेपर उघडले. ज्यांनी ज्यांनी दामिनीसारखं सोडवलं होतं, त्या सगळ्यांना शून्य. आणि ती रीत वर्गात शिकवली होती खुद्द आकांक्षानं.

विभागप्रमुख गजेंद्र सरांनी ऐकून घेतलं आणि निकालाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"गुण बदलाची सिस्टीम बंद झाली मॅडम. पुढच्या टायमाले पोट्ट्यायले सांगा, मशीनले पाहिजे तसं लिहा म्हणा. करा सही."

"म्हणजे मी गणित नाही शिकवायचं, मशीनची मर्जी शिकवायची?"

"पुढच्या सत्राच्या तासिका कोन वाटते, मालूम हाय न तुमाले?"

आकांक्षाचं घर तिच्या एकटीच्याच कमाईवर चालत होतं. तरी पेन तिनं उचललं नाही.

"मालूम हाय सर. सही नाही करत."

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. ते कॉमर्सचे. "मले यातलं काही समजत नाही," ते वैतागून म्हणाले.

"मग वर्गात चला सर. समजेल."

प्राचार्य आले, मागून गजेंद्र सरही आले. आकांक्षानं खडू दामिनीच्या हातात दिला. पोरीनं दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी लिहिली आणि दोन्हींचं डेरिव्हेटिव्ह काढलं, म्हणजे इंटिग्रेशन उलटं फिरवून पाहिलं. खाली दोन्हीकडे एकच ओळ उतरली, प्रश्नात दिलेलीच.

"सर, बरोबर हाय का हे?" प्राचार्यांनी गजेंद्र सरांना विचारलं.

"बरोबर हाय," फळ्याकडे पाहत सर पुटपुटले.

"मंग शून्य काहून?"

प्राचार्यांनी सिस्टीम पुन्हा उघडायला लावली. त्या प्रश्नाचे सगळे पेपर आकांक्षानं पुन्हा हातानं तपासले, गुण दुरुस्त झाले, मगच तिनं सही केली. नवे गुण पाहून दामिनीनं मैत्रिणींना जी आरोळी ठोकली, ती ऑफिसपर्यंत ऐकू गेली.

पुढच्या सत्रात आकांक्षाला एकही तासिका मिळाली नाही. "वर्कलोड कमी हाय," गजेंद्र सर तिच्याकडे न बघता म्हणाले. ती भांडली, लेखी कारण मागितलं, ते मिळालं नाही. आठवडाभर घरात कोणी धड जेवलं नाही. मग अकोल्याच्या एका कॉलेजात जागा निघाली आणि ती रोज एस.टी.नं जाऊ लागली.

तिथल्या प्रमुख गीतांजली मॅडमनी पहिल्याच दिवशी कौतुकानं संगणक उघडून दाखवला. सॉफ्टवेअर तेच होतं.

"तपासायची कटकटच नाही आता!"

आकांक्षानं खुर्ची ओढली आणि मॅडमच्या शेजारी बसली.

"आधी यात भरलेली उत्तरं दाखवा मॅडम. ती मी तपासणार. त्याशिवाय माझी सही मिळणार नाही."

गीतांजली मॅडमच्या कपाळावर आठी पडली. आकांक्षा मात्र जागची हलली नाही.